कागदकाकांचं मेज

माझी वहिनी जुनं फर्निचर दुरुस्त करते. नवं करते म्हटलेलं तिला खपत नाही. तिचं म्हणणं, जुनं ते जुनंच राहतं, फक्त पुन्हा उभं राहतं. मी तिचा दीर. उचलणं, पोचवणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही कामं माझ्याकडे, कारण ती बोलायला लागली की गिऱ्हाईक चप्पल शोधायला लागतं.

ते लिहायचं मेज आम्ही एका दस्तलेखकाच्या घरून आणलं. कचेरीबाहेर बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं लिहिली, म्हणून सगळे त्यांना कागदकाका म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले, डोळे तेवढे राहिले. खोलीत आता दवाखान्यासारखी मोठी कॉट आणायची होती, मेजाला जागा उरेना, म्हणून मुलानं ते विकायला काढलं. मी न्यायला गेलो तेव्हा काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. खोलीत आल्या नाहीत. मेज बाहेर काढताना कागदकाकांचे डोळे उंबऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आले. खरं सांगतो, मी नजर चुकवली.

मेज शिसवी होतं. पुढे उतरतं झाकण, आत आठ कप्पे, खाली तीन खण. मधला खण फुगून अडकला होता. वहिनीनं त्याच्या बाजूंवर रंधा फिरवला, मेण घासलं, तळाला जाड पांढरा कागद कापून घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी खण ओढला तर कागदावर लिहिलेलं होतं: ‘पायावर ऊन येतंय. पडदा ओढा.’

वहिनीनं आधी मलाच धरलं. मी म्हटलं, माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, मी लिहिलेला पत्ता मलाच दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. इथे तर आधी ओळभर एकच सरळ शिरोरेघ ओढलेली आणि तिच्याखाली दोरीवर कपडे वाळत घालावे तशी अक्षरं टांगलेली. शाई निळी-काळी होती, आणि ओली. वहिनीच्या बोटाला लागली. आमच्या कारखान्यात शाईची दौत कधीच नव्हती.

तिनं कागद बदलला, खणाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी: ‘उशी घसरली आहे. मान दुखते.’ तिसऱ्या दिवशी: ‘दुधात साय नको, किती वेळा सांगायचं?’

मला हसू आलं. वहिनी हसली नाही. हातात पॉलिशचा बोळा तसाच धरून ती स्टुलावर बसून राहिली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे अंथरुणाला खिळलेलं माणूस बोलतंय.”

त्याच दुपारी आम्ही काकूंकडे गेलो. मेजाची एक किल्ली राहिलीय, अशी थाप मी मारली. मुलगा कामावर गेला होता. खोलीत खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि कॉटवरच्या उघड्या पावलांवर नेमकं पडलं होतं. वहिनीनं कुणाला न विचारता पडदा ओढला. मग उशी वर सरकवून मानेखाली नीट लावली. कागदकाकांनी डोळे सावकाश मिटले, उघडले, आणि कानशिलावरून पाणी ओघळलं.

वहिनीनं तिन्ही कागद काकूंपुढे ठेवले. काकूंनी ते आधी डोळ्यांपासून लांब धरले, मग जवळ घेतले. “अक्षर यांचंच आहे,” म्हणाल्या आणि होत्या तिथेच फरशीवर बसल्या. ताकद यावी म्हणून त्या रोज दुधात साय घालत होत्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. दोन वर्षांत त्या या खोलीत दोन घटका बसल्या नव्हत्या. भरवायला यायचं, पुसायला यायचं, की लगेच बाहेर. दिवसभर तोंडाची टकळी चालू असलेला माणूस असा गप्प बघवत नव्हता त्यांना.

संध्याकाळी मुलगा आला आणि आमच्याकडे भामटे असल्यासारखा बघायला लागला. त्याचं चूक नव्हतं. पण काकू हटून बसल्या की मेज परत याच खोलीत पाहिजे. दुसऱ्या दिवशी आम्ही कपाट बाहेर काढून मेज कॉटशेजारी बसवलं. त्याच्या पुढच्या सकाळी खणात ओळ होती: ‘आलं का परत? बरं झालं.’ मुलाचा तरीही विश्वास बसेना. मग चारेक दिवसांनी निघालं: ‘मुलाला म्हणावं, दाढी तू कर. न्हाव्याचा हात थंड लागतो.’ ते वाचून तो पाणी गरम करायला गेला.

दोन आठवडे असे बरे गेले. मग काकूंनी आम्हाला बोलावून घेतलं. हातात कागद होता: ‘दुपारी खुर्चीत येऊन बसते ती बाई कोण? बोलत नाही. नुसती बघते.’

कॉटजवळ भेटायला येणाऱ्यांसाठी एक गादीची खुर्ची असे. पण दुपारी कुणीच येत नसे. काकू पलीकडच्या खोलीत आडव्या होत, घराच्या दाराला आतून कडी असे. मुलानं खुर्ची उचलून गच्चीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर होतं: ‘आता ती पलंगावर बसते. पायाशी.’

खुर्ची तासाभरात परत आत आली.

खरं तर माझा पाय तिथून निघायला बघत होता. वहिनी काकूंना म्हणाली, कुणाला तरी दाखवू या, विचारू या. काकू भांडी विसळत होत्या. त्यांनी शेवटचं भांडं पालथं घातलं आणि हात पुसले.

“विचारायचं काय त्यात?” त्या म्हणाल्या. “मी नाही बसले, म्हणून ती बसली. आता मी बसते.”

त्या दिवसापासून रोज जेवणं झाली की काकू त्या खुर्चीत बसायला लागल्या. आधी नुसत्याच बसत. मग शेजाऱ्यांची भांडणं, बहिणीची खुशाली, लग्नानंतर यांनी पहिल्यांदा केलेला चहा कसा ओतून द्यावा लागला होता, असं काय काय सांगायला लागल्या. खणात कागद आला: ‘आज तिला जागा नव्हती. दाराशी उभी राहिली.’

खुर्चीत बसलं की दार पाठीशी येई. काकू वहिनीला म्हणाल्या, “भीती वाटते गं. मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटतं. पण मी मागे वळत नाही आणि उठत पण नाही.”

असे पाच महिने गेले. एकदा झाकणाची बिजागरी कुरकुरते म्हणून वहिनी आणि मी गेलो होतो. मुलगा त्या दिवशी घरीच होता. काकूंनी त्याला कामावर जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी सकाळचा कागद आमच्या हातात दिला. शाई फिकट होती आणि शिरोरेघ पहिल्यांदाच वाकडी गेली होती. ‘ती अजून उभीच आहे. पाय दुखत असतील तिचे. बसू द्या.’

काकूंनी कागदाची चौघडी करून कमरेला खोचली. मुलानं वडिलांची दाढी केली, चेहरा पुसला. दोनच्या सुमारास काकू खुर्चीतून उठल्या आणि कॉटवर उशापाशी जाऊन बसल्या. कागदकाकांच्या मानेखाली हात घातला. खुर्ची रिकामी राहिली. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो.

कागदकाकांनी आधी खुर्चीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. कचेरीबाहेर बराच वेळ ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला नंबर आल्याची खूण करावी, तसं पाहिलं. मग त्यांनी डोळे काकूंकडे वळवले आणि तिथेच ठेवले. श्वास कधी थांबला ते मला कळलं नाही, वहिनीला कळलं. तिनं माझं मनगट दाबलं आणि हनुवटीनं खुर्ची दाखवली. गादीच्या मधोमध खळगा पडला होता. आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरत वर आला आणि गादी सपाट झाली.

घरी परतताना वहिनीनं एवढंच विचारलं, “बघितलंत ना?” मी हो म्हटलं. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

मेज काकूंनी दिलं नाही. त्या रोज खण उघडतात, कागद कोरा असतो, असं मुलगा सांगतो. खुर्ची मात्र त्याला घरात नको होती. महिन्याभरानं मोडीत काढायला म्हणून त्यानं आम्हाला बोलावलं. मी ती उचलली, तोच काकू आतून आल्या.

“राहू दे ती,” त्या म्हणाल्या. “माझ्या वेळी तिला पुन्हा उभं राहायला लागू नये.”

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं खुर्ची माझ्या हातातून घेतली, उलटी केली, एक पाय हलत होता त्यात नवी पाचर ठोकली, आणि ती खोलीत नेऊन ठेवली.