गोणपाटातले शंभर दाणे

तृप्तीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तीर्थपुरीहून वडिलांनी आणून दिलेला ओला गोणपाट तिनं ती नोकरीला असलेल्या जालन्याच्या बियाणे कंपनीत, लॅबप्रमुख सोमेश्वर सरांच्या कीबोर्डवरच उलगडला. त्यात उगवण तपासायला ठेवलेल्या, कंपनीच्याच सोयाबीनच्या शंभर दाण्यांतले चाळीसच उगवले होते, अन् बियाण्याच्या पिशवीवर शिक्का मात्र 'पास'.

"एक्सेलच्या फॉर्म्युल्यात मी 'अँड' टाकलं होतं! उगवण अन् शुद्धता, दोन्ही बराबर असतील तरच पास. तिथं 'ऑर' कुणी केलं?"

"मीच. दोन्हींतलं एक बराबर असलं तरी चालतं गं," सर हसले.

"मंग तुमच्या हसनाबादच्या शेतात हेच पेरणार का?"

"न्हाई," सर बोलून गेले, "आमचं बियाणं मी घरी गोणपाटात तपासूनच पेरतो."