खालचे तीन दात

सून हिरड्यांची डॉक्टर होती, आणि तिला सासऱ्यांच्या तोंडाची किळस यायची. परक्यांची तोंडं ती दिवसभर बघायची, त्याचं काही वाटायचं नाही. पण ज्या तोंडासमोर बसून रोज जेवायचं, त्याची गोष्ट वेगळी. जेवण झालं की म्हातारा दात चोखायचा, हिरडीतून आलेला पू जिभेने गोळा करून गिळायचा आणि वर म्हणायचा, "आज मीठ कमी होतं हं."

जन्मभर त्यांनी कवळ्या बनवल्या. "लोकांना दिल्या, पण मी घालणार नाही. मरेन तो स्वतःच्या दातांनिशी," हा त्यांचा हेका. खालचे पुढचे तीन दात मात्र जीभ लागली तरी हलायचे.

शेवटी तिनेच त्यांना दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं, दात मुळापर्यंत खरवडले आणि हिरडीच्या खाचेत नवं औषध भरलं.

"बाबा, नुसते जंतू हाड खात नाहीत. त्यांच्यावर शरीर शिपाई पाठवतं आणि ते शिपाईच माजतात. हे औषध त्यांना आवरतं. पण घाण रोज तुम्हीच काढायची."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हण की!"

"तसंच. पुढच्या तपासणीपर्यंत हे तीन घट्ट झाले तर ठेवीन. नाहीतर काढणार."

म्हाताऱ्याने पुढची तपासणी सर्दीचं निमित्त करून टाळली. पण घरी हिरडी गुलाबी दिसत होती, रक्त थांबलं होतं. नवरा म्हणाला, "जिंकलीस!" तिलाही तसंच वाटलं. फक्त वास वाढला होता, फुलदाणीत कुजलेल्या पाण्यासारखा. तिने जेवायची खुर्ची दूर सरकवली. मग लाज वाटली. मग आणखी थोडी सरकवली.

अखेर तिने त्यांना ओढूनच नेलं. चिमट्याने दात हलवून पाहिले तर जागचे हलेनात. इतका गुण? तिने आरसा दातांच्या मागे धरला. तिथली हिरडी नको तितकी गुळगुळीत होती, आणि टोचली तर टणक लागली. ते कवळीचं गुलाबी प्लास्टिक होतं. म्हाताऱ्याने घरच्या घरी, आरशात बघून, हलणारे दात शेजारच्या दातांना सांधून टाकले होते.

"बाबा, हे काय करून बसलात?"

"तू काढणार म्हणालीस ना," म्हातारा पुटपुटला.

प्लास्टिकखाली ब्रश पोचत नव्हता. औषधाने शिपाई गप्प केलेले, म्हणून सूज नाही, ठणका नाही, बोंब मारायला कोणीच नाही. चोर आत कोंडून पहारेकरी झोपवले होते.

तिने मशीनने प्लास्टिकच्या पट्टीची कड कापली आणि असा भपकारा आला की ती बेसिनकडे धावली. सगळं सकाळचं खाणं बाहेर पडलं. म्हातारा आ वासून तसाच पडून राहिला.

चूळ भरून ती परतली. कड जरा उचलली तर पट्टी अख्खीच हातात आली. काळ्या मऊ घाणीने माखलेली, आणि तिन्ही दात मुळांसकट त्या पट्टीत रुतलेले.

म्हाताऱ्याने पट्टी तिच्या हातातून घेतली, सदऱ्याला पुसली, उजेडात फिरवून पाहिली. त्यांचा खालचा ओठ आत गेला होता.

"घातलीच की गं मी कवळी," ते म्हणाले. मग पट्टी तिच्यापुढे धरली.

"जरा धुऊन दे. परत बसवतो."