मुकादमाचं घमेलं

मी घमेलं बोलतोय. 'बोलतोय' म्हणावं की 'बोलतंय', हे मलाही नक्की ठाऊक नाही. घमेलं नपुंसकलिंगी, असं व्याकरणवाले म्हणतात. म्हणू देत. त्यांनी कधी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढून बघितलीय का? मी स्वतःला बाप्या मानतो आणि बाप्यासारखाच बोलणार.

माझं शिक्षण अर्धं झालंय. ते कसं झालं हे कळल्यावर तुम्ही नाकाला रुमाल लावाल. आत्ताच लावून ठेवलात तर पुढे घाई होणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाचा सपाट पत्रा होतो मी, अगदी सरळमार्गी. यंत्राने वरून असा एक दणका घातला की पोट खोल गेलं आणि काठ वर आले. तिथपासून सरळपणाशी माझं फारसं जमलं नाही. मला एका गवंड्याने विकत घेतलं. सिमेंट, वाळू, खडी, विटांचे तुकडे, सगळं वाहिलं मी. आणि अधूनमधून गंमतही केली. माझ्या काठावर कुणी बेसावध पाय दिला की मी उलटून थेट त्याच्या नडगीवर बसायचो. ठेकेदाराच्या दोन्ही नडग्यांवर माझ्या सह्या आहेत. तो पँट वर करून दाखवत नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही एवढंच.

आमचा गवंडी मात्र कामाचा पक्का. त्याचं जन्माचं वैर एकाच गोष्टीशी, ओलीशी. बांधलेल्या भिंतीवर तो तळहात ठेवायचा, मग गाल टेकवायचा, आणि "कोरडी आहे!" म्हणताना असा हसायचा की जणू भिंतीने त्याला पसंत केलंय. लग्नाच्या आधी बायकोलाही त्याने इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, असं त्याची बायकोच सांगते.

अशाच एका बांधकामावर वाळूच्या ढिगात मांजराचं तांबूस रंगाचं पिल्लू सापडलं. आई त्याला सोडून गेली होती की ढीग बघून तेच राहिलं होतं, कोण जाणे. दिवसभर ते ढिगाच्या टोकावर बसायचं. काम काही नाही, नुसतं सगळ्यांकडे बघायचं आणि सगळ्यांवर नाराज असायचं. मजुरांनी नाव ठेवलं, मुकादम.

त्याच सुमारास माझा काठ चिरला आणि बूडही वाकडं झालं. आमची दोघांची पाठवणी एकदमच झाली. गवंडी मला काखेत मारून घरी आला. त्याची आई दारातच उभी होती.

"हे काय आणलंस?"

"घमेलं."

"ते दिसतंय. घमेल्यात काय?"

"मुकादम."

"घरात एक आहे की!" म्हातारी सुनेकडे बघून म्हणाली.

सून शाळेची बस चालवते. पन्नास पोरांचा गोंगाट पाठीशी घेऊन गाडी हाकणारी बाई. ती कशाला ऐकून घेते? "दोन आहेत, आई," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःला धरलं नाहीत."

तर माझी नवी नोकरी अशी: तळाला वर्तमानपत्र, वर चाळलेली वाळू, आणि त्यावर मुकादमाचे खाजगी कार्यक्रम. लावलात रुमाल? आता शिक्षणाचं ऐका. रोज नवं वर्तमानपत्र माझ्या पोटात यायचं. मी वाचायला घ्यायचो, आणि अर्धी बातमी होते न होते तोच मुकादम उरलेली ओली करायचा. किती चोर पकडले गेले ते मला ठाऊक आहे, त्यांना शिक्षा काय झाली ते नाही. म्हणून म्हटलं, अर्धशिक्षित.

त्या वर्तमानपत्रात प्राण्यांवर एक सदर यायचं. ते मात्र मी जीव खाऊन वाचलं. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून आधीच सांगतो, मुकादमासारखा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी ठेकेदारही पाहिलेत.

मांजराला गोड चवच कळत नाही, माहीत होतं? म्हातारी त्याला साखरेचं बिस्किट लाडाने भरवायची आणि म्हणायची, "बघा, गोड लागलं त्याला!" त्याच्या जिभेला ते भिंतीच्या गिलाव्याइतकंच गोड. दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना धड पचत नाही. त्याचे पुरावे थेट माझ्याकडे यायचे, त्यामुळे त्या विषयावर मी जास्त बोलत नाही.

चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय पाठोपाठ उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. म्हणजे उंट आणि जिराफ चालतात तसा. खांद्याची हाडं दुसऱ्या कुठल्या हाडाला घट्ट जोडलेली नसतात, त्यामुळे डोकं शिरलं की बाकीचा मुकादम मागून वाहत येतो. मिशा फक्त तोंडाला नसतात, पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात. घाम येतो तो तळपायांना. तांबूस मांजरं बहुतेक बोकेच असतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे, मोठी झालेली मांजरं एकमेकांशी बोलताना 'म्यांव' फारसं करतच नाहीत. ती भाषा त्यांनी माणसांसाठी राखून ठेवलीय. माणसांना इशारा कळत नाही, मोठ्याने सांगावं लागतं, हे त्यांनी फार पूर्वीच ओळखलं. हुशार जात!

पण ह्या हुशार जातीत एक खोड आहे. दुखणं लपवायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तिथेच आमचं सगळं घर फसलं.

रोज सकाळी गवंडी जुन्या थापीने मला साफ करायचा आणि रोज तेच गाणं गायचा. "जन्मभर लोकांच्या भिंतींची ओल काढली, आणि घरी येऊन बघावं तर ही ओल!" एक दिवस त्याने बारीक वाळू काढून जरा जाडी वाळू भरली. दुसऱ्या सकाळी थापी घालतो तर काय, मी ठणठणीत कोरडा.

"अगं, इकडे ये! कोरडं! एकदम कोरडं!" भिंतीला लावायचा तो तळहात त्याने माझ्या वाळूला लावला. गाल तेवढा लावला नाही, नशीब माझं.

"मग बाहेर गेला असेल," बायको बसची किल्ली शोधत म्हणाली.

"बाहेर कसला जातोय? वाळू बदलली ना मी! जाडी वाळू, निचरा चांगला होतो."

"शहाणा झाला गं माझा मुकादम," म्हातारी म्हणाली.

निचरा! अरे शहाण्या, निचरा व्हायला आधी पाणी यावं लागतं. मला सगळं दिसत होतं. मुकादम यायचा, बसायचा, जोर लावायचा. थेंब नाही. उठायचा, वाळू खरवडायचा, जायचा, पाणी पिण्याइतक्या वेळात परत यायचा. मध्येच खाली वळून सारखं चाटायचा. आणि घुरघुरत होता. म्हातारीने ती घुरघुर ऐकली आणि तिचा चेहरा फुलला, "बघ कसा खुशीत आहे." मांजर सुखात घुरघुरतं तसं वेदनेतही घुरघुरतं, हे मी वाचलं होतं. पण मी पडलो घमेलं. सांगणार कुणाला?

तरी मी सोडलं नाही. बूड वाकडं असल्याचा फायदा घेतला. तो आत आला की मी डुगडुगायचो, फरशीवर खणखणायचो. आयुष्यभर लोकांना दचकवलेलं घमेलं मी, पण त्या दिवशी कुणी दचकेल तर शपथ.

"काय खेळतोय बघ लेकाचा!" गवंडी हौसेने म्हणाला.

दुपारपर्यंत मुकादमाने मासळीला तोंड लावलं नाही. अंगावरचे केस विस्कटले. नाहीतर हा नवरदेवासारखा चाटूनपुसून बसणारा. मग तो मोरीतल्या बादलीमागे जाऊन अंग आखडून बसला, डोळे अर्धे मिटून. म्हातारीला वाटलं, गारव्याला बसलाय.

बायको दोन फेऱ्यांच्या मधे जेवायला घरी आली. पाण्याचं भांडं रिकामं बघून म्हणाली, "पाणी संपवलं का ह्याने?"

"सकाळीच तुडुंब भरलं होतं," गवंडी म्हणाला. "सगळं प्यायला. आणि घमेलं अजून कोरडं! आहे की नाही कमाल?"

"मग ते पाणी गेलं कुठे, अहो?" ती हसली. "टाकीत पाणी चढतंय आणि नळाला येत नाही. तुमच्या धंद्यात ह्याला काय म्हणतात?"

"काय म्हणतात म्हणजे? ह्याला म्हणतात चोक..."

पुढचं 'अप' त्याच्या घशातच राहिलं. चेहरा ओल्या सिमेंटसारखा करडा झाला. जेवणाचं ताट तसंच टाकून तो मोरीत गेला, गुडघ्यांवर बसला आणि बादली बाजूला सारली. मुकादमाच्या पोटाला त्याने दोन बोटं लावली मात्र, मुकादमाने असा आवाज काढला की तो मी कधी ऐकला नव्हता.

"टाकी फुटेल," गवंडी म्हणाला. "अगं, टाकी फुटेल त्याची!"

पिशवी शोधायला वेळ नव्हता. माझ्यातली वाळू भसकन ओतली, टॉवेल अंथरला आणि मुकादमाला माझ्यात ठेवलं. अंगणात उभी होती ती शाळेची पिवळी बस. म्हातारी पदर खोचून आधीच चढली होती.

"आई, त्या पहिल्या सीटवर नको, तिथे उलटी करणारी पोरं बसवते मी."

"बसते कुठेही. तू गाडी हाक!"

मी म्हातारीच्या मांडीवर. ह्या बाईने मला कधी बोट लावलं नव्हतं. माझ्या जवळून जाताना ती श्वास धरायची. आता दोन्ही हातांनी माझा चिरलेला काठ घट्ट धरून ती मुकादमाच्या कानाशी वाकली होती. "कर रे बाबा. माझ्या मांडीवर कर. नवं लुगडं आहे तरी कर. कुणी काही बोलणार नाही तुला."

मी खूप थट्टा केलीय तिची. त्या रस्त्यावर एकदाही केली नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मला बघून म्हणाल्या, "घमेल्यातून?"

"त्याचंच आहे," गवंडी म्हणाला.

त्यांनी पोट चाचपलं आणि त्यांचं हसू गेलं. "लघवी कधीपासून नाही?"

"काल रात्री कधीतरी... सकाळपासून कोरडंच होतं. मी खूश होतो हो, बाई. मला वाटलं वाळूचा गुण."

त्या त्याला हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "बोक्यांची नळी बारीक असते. बारीक खडे, गाळ साचला की तुंबते. उद्यावर टाकलं असतं तर वाचला नसता. अजूनही सांगता येत नाही. बाहेर थांबा."

बाहेर तिघं एका बाकावर बसली. बायकोने घड्याळ बघून शाळेला फोन केला, "दुसरी बस पाठवा, माझी अडकलीय." कशात ते सांगितलं नाही. म्हातारी म्हणाली, "मी म्हटलं होतं शहाणा झाला."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या घाम पुसत. नळीत बारीक नळी घालून तुंबलेलं मोकळं केलं होतं. पण बोका काही दिवस इथेच राहील, त्या म्हणाल्या. आणि मग आम्ही निघता निघता त्यांनी समजावलं ते तुम्हीही ऐका, रुमाल काढलात तरी चालेल. मांजर रडून सांगत नाही, वागण्यातून सांगतं. सारखं घमेल्यात जाऊन रिकामं परतलं, तर थांबू नका, उचला आणि निघा. खाणं सोडलं, अंग चाटायचं सोडलं, उडी मारायच्या जागी चढायला लागलं, कोपऱ्यात दडून बसलं, तर काहीतरी बिघडलंय. एरवीपेक्षा फारच पाणी प्यायला लागलं किंवा खाऊनपिऊन बारीक होत गेलं, तरी दाखवून घ्या. चांगलं वागायला लागलं म्हणून पेढे वाटू नका.

आता माझं दुःख सांगतो, म्हणजे सांगितल्यासारखं करतो. आम्ही निघताना डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "हे गंजलंय. काठही लागेल त्याला. रुंद, बसका टब घ्या." मुकादम घरी आला त्या दिवशी माझ्या शेजारी निळा प्लास्टिकचा टब मांडला होता. गुळगुळीत, चकचकीत, अक्कलशून्य. दोघांत सारखीच बारीक, चाळलेली वाळू. गवंडी म्हणाला, "बघू तो कुठे जातो." मला खात्री होती. इतक्या वर्षांचा घरोबा!

मुकादम अशक्त पायांनी आला. त्याने मला हुंगलं. टब हुंगला. तिघंही वाकून बघत होती.

"तोंडं फिरवा," बायको म्हणाली. "लाज वाटेल त्याला."

तिघांनी भिंतीकडे तोंड केलं. शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी राहिली. मुकादम टबात चढला. हो, टबात! मला फसवलं. सगळ्यांना फसवणाऱ्याला फसवलं. मी रागाने लाल झालो असतो, पण गंजामुळे आधीच होतो.

आणि मग आवाज आला. सलग, मोकळी, लांबलचक धार. मी ठोकळ्यावर आपटणारे हातोडे ऐकलेत, पत्र्यावरचा पाऊस ऐकलाय, लग्नाची वाजंत्री ऐकलीय. असं संगीत नाही ऐकलं. दुसऱ्याच्या पोटात पडत होती, तरी नाही ऐकलं.

"ओल!" गवंडी भिंतीकडे तोंड करूनच ओरडला. "ओल आहे गं!" आणि ओलीचा तो वैरी भिंतीवर कपाळ टेकून ढसाढसा रडला. म्हातारी म्हणाली, "रडतोस काय मेल्या, भिंत भिजेल."

आता मी मागच्या दारी पालथा असतो. बुडाला गंज चढलाय, भोक पडायला आलंय. उन्हात माझं बूड छान तापतं आणि मुकादम त्यावर चढून झोपतो, विचारत-बिचारत नाही. भंगारवाला दारावर आला की माझ्याकडे बोट दाखवतो. म्हातारी त्याला सांगते, "देणार आहोत. मुकादम उठले की न्या."

तुम्हाला आता माहीत आहे, मांजर दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढतं. भंगारवाल्याला माहीत नाही. तो बिचारा दर आठवड्याला येतो, थोडा वेळ वाट बघतो, जातो.

तेव्हा निघताना पाय जपून टाका, काठावर पडला तर मी ऐकणार नाही. आणि फाटक हळू लावा. मुकादम झोपलेत.