पिवळ्या दिव्याचा ठपका

मी एक जुना ऑक्सिजन सेन्सर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी बिघडलेला नाही. तरीही सध्या माझा मुक्काम एका जुन्या एसयूव्हीच्या दाराच्या खणात आहे. सोबतीला पार्किंगच्या फाटक्या पावत्या, एक वाळलेलं पेन आणि चुरगळलेले हातमोजे. हे दिवस मला का बघावे लागले, ते ऐका.

माझा जन्म एका चकचकीत कारखान्यात झाला. अंगठ्याएवढा जीव माझा. आत चिनी मातीचा तुकडा, वरून पोलाद आणि मागे वायरींची शेपटी. या गाडीच्या धुराच्या नळीत माझं तोंड खुपसून मला घट्ट आवळून टाकलं. इंजिनातून येणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, हे माझं काम. प्राणवायू जास्त उरला तर पेट्रोल कमी पडतंय, कमी उरला तर पेट्रोल जास्त होतंय. मग कॉम्प्युटर पेट्रोलचं प्रमाण सांभाळतो. तुम्हाला शेजारच्याची सिगारेट सहन होत नाही. मी वर्षानुवर्षं धगधगत्या धुरात नाक घालून बसलो आणि एकदाही कुरकुर केली नाही. गॅरेजवाले काका मला एकदा बघून म्हणाले होते, "अजून ठणठणीत आहे." आयुष्यात वाट्याला आलेलं कौतुक म्हणाल तर एवढंच.

गाडी वहिनींची. त्यांचे धाकटे दीर घरात दिवसभर "वहिनी, वहिनी" करत असतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी आरोग्यकेंद्रात नर्स आहेत. डोंगरावरच्या वस्तीत बस जात नाही, म्हणून त्या स्वतःची गाडी घेऊन जातात. तिथे एक पाथरवट आजोबा एकटेच राहतात. त्यांना साखरेचा आजार, त्यात तळपायाला चिघळलेली जखम. डॉक्टरांनी वहिनींना बजावलं होतं, "रोजच्या रोज ड्रेसिंग झालं पाहिजे. नाहीतर पाय कापावा लागेल."

आणि नेमकी तेव्हाच गाडीला धाप लागायला लागली. घाटातलं दुसरं वळण आलं की जोर जायचा, गचके बसायचे. मला धुरात नको तेवढा प्राणवायू जाणवायला लागला. मी लगेच कळवलं. पुन्हा कळवलं. कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय, पेट्रोल पुरत नाही, बघा रे कुणीतरी! कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं पेट्रोल वाढवून वाढवून पाहिलं आणि शेवटी वहिनींसमोर पिवळा दिवा लावला.

इथे भावजींचा प्रवेश झाला. भावजी म्हणजे तेच धाकटे दीर. मोबाइल दुरुस्त करतात, म्हणून जगातलं काहीही दुरुस्त करता येतं असा त्यांचा समज. त्यांनी एक यंत्र आणलं, स्टिअरिंगखाली खोचलं आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचला. लिहिलं होतं, 'ऑक्सिजन सेन्सर: मिश्रणात पेट्रोल कमी'. भावजींनी पहिले दोन शब्द वाचले. पुढचे वाचायचे कष्ट कोण घेणार?

"वहिनी, सापडलं! ऑक्सिजन सेन्सर गेला."

"नक्की ना, भावजी?"

"मशीन सांगतंय. मशीन खोटं बोलतं का?"

अहो, मशीन खरंच बोलत होतं! त्याला ते मीच सांगितलं होतं! पण माझं ऐकतंय कोण? भावजींनी आधी कोड पुसून टाकला, दिवा विझला, आणि हे छाती काढून फिरले. पेट्रोल पंपापर्यंत जातोय तोच दिवा परत हजर. मग स्वारी गॅरेजमध्ये.

काका म्हणाले, "बदलायच्या आधी जरा बाकीचं बघू का?"

"नको हो. कोड आलाय ना."

"बरं बाबा. तुमची गाडी, तुमचा कोड," म्हणून काकांनी मोठा पाना घातला. इतक्या वर्षांची जागा सोडताना माझी सालटी निघाली, पण त्याहून जास्त जळफळाट झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

माझ्या जागी नवा आला. गोरागोमटा, अंगावर ओरखडा नाही. त्यानं धूर हुंगला आणि तिसऱ्या दिवशी अक्षरशः माझंच वाक्य कॉम्प्युटरला सांगितलं. दिवा लागला. आता तरी कळावं की नाही माणसाला? छे! भावजी म्हणाले, "हा डुप्लिकेट निघाला." तोही निघाला, माझ्या शेजारी खणात येऊन पडला. त्याच्या जागी आणखी एक आला. तोही तेच बोलला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तेही दोनदा! मला डोकं असतं तर मी ते आपटून घेतलं असतं.

इकडे वहिनी दुसऱ्या वळणावर गाडी सोडून, खांद्याला बॅग लावून डोंगर चढत होत्या. पोहोचायला उशीर व्हायचा, एक-दोनदा तर जाताच आलं नाही. परत आल्या की गाडीतूनच डॉक्टरांना फोन लावायच्या. एकदा त्यांना सांगताना मी ऐकलं, "जखमेला वास यायला लागलाय हो." मित्रांनो, वासाचं मला कळतं. त्या दिवशी मला माझ्या अपमानाचा विसर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी म्हणाले, "वहिनी, आणखी एक सेन्सर मागवतो."

आणि वहिनींचा पारा चढला. "भावजी, पेशंटला ताप आला म्हणून मी थर्मामीटर बदलत बसले तर चालेल का? तिघंही तेच सांगतायत, म्हणजे ताप आहे! उघडा ते बॉनेट."

इंजिन चालू ठेवून वहिनींनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला, छातीला लावायची चकती काढून टाकली आणि नुसती नळी इंजिनाभोवती फिरवायला लागल्या.

"अहो वहिनी, शेजारी बघतायत."

"बघू देत. तुम्ही जरा तोंड बंद ठेवा, मला ऐकू येऊ दे."

इंजिनाकडे हवा नेणारी एक जाड रबरी नळी असते. तिच्याजवळ त्या थांबल्या. "इथे फुसफुसतंय." बोटानं चाचपलं तर घडीमध्ये तडा! चढावर इंजिन हललं की तो आ वासायचा आणि फुकटची हवा आत. वहिनींनी ड्रेसिंगची चिकटपट्टी काढली आणि नळीला गच्च वेढे दिले. "घाटापुरतं टिकेल. बसा."

दुसरं वळण आलं. गाडीनं एकही गचका न देता ते पार केलं. भावजींनी आपलं यंत्र हळूच खिशात घातलं.

आजोबा दारातच बाजेवर बसले होते. गाडीचं दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पट्टी सुटली. जखम धुतल्याचा आवाज आला. मग आजोबांनी हळूच विचारलं, "पोरी, पाय राहतोय का?"

"राहतोय, आजोबा. पण आता एकही दिवस चुकवायचा नाही. मी येतेच आहे."

नंतर काकांनी नवी नळी बसवली. दिवा विझला तो विझलाच. आणि भावजी? ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, "दोन सेन्सर बदलले, तेव्हा कुठे गाडी ताळ्यावर आली." पालथ्या घड्यावर पाणी! परवा तर ते खण साफ करताना मला कचऱ्यात टाकायला निघाले होते. वहिनींनी अडवलं. "असू द्या तो. खरं बोलला म्हणून बाहेर बसलाय बिचारा."

मित्रांनो, मला परत धुराच्या नळीत बसवा असं मी म्हणत नाही. तिथे आता दुसरा आहे आणि तो इमानदार आहे. एवढंच मागतो की कुणी वाईट बातमी आणली, तर आणणाऱ्याला हाकलायची घाई करू नका. आणि दोन शब्द वाचून थांबू नका, पुढचेही वाचा. तेवढ्या आळसापायी एका म्हाताऱ्या माणसाचा पाय जाता जाता राहिला.