वाढीचं वय

"काका, बघा जरा. मला तर त्याच पेशी दिसतायत सगळीकडे." ज्युनियर डॉक्टरनं मायक्रोस्कोपसमोरचं स्टूल सोडलं.

काका बसले. चार वर्षांच्या मुलीचं रक्त होतं. काच कुठेही सरकवा, त्याच जांभळट, कोवळ्या, एकसारख्या पेशी. रक्ताचा कॅन्सर.

मुलांच्या रक्तविकार आणि कॅन्सरच्या या विभागात तीन वर्षांची फेलोशिप करणाऱ्यांत ते सर्वांत मोठे होते, त्रेचाळीस वर्षांचे. विभागप्रमुख मॅडमही त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणून सगळे त्यांना 'काका' म्हणत. बायको फोनवर विचारायची, "झाला का गृहपाठ?" आणि दहावीतली लेक मागून ओरडायची, "बाबा, दोघं एकदमच पास होऊ हं!"

ज्युनियर मुलीला इथं पाठवणाऱ्या डॉक्टरबाईंचे कागद चाळत होती. "पाय दुखतो म्हणून तीन आठवडे नुसतं कॅल्शियम! साधी रक्ततपासणी नाही. डोळे मिटून बसतात का हे लोक?"

काकांनी काच पुन्हा सरकवली. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात असाच एक मुलगा आला होता. "वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच," असं सांगून त्यांनी महिनाभर त्याला घरी पाठवलं होतं. पुढे निदान झालं, मोठ्या दवाखान्यात उपचार झाले. आठव्या महिन्यात मुलगा गेला. उशिरामुळेच गेला असं नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. काकांना ते पटलं नाही. बाप भांडायला येईल म्हणून ते धास्तावून होते. बाप आला, पण धाकट्या मुलीला घेऊन. तिला खोकला झाला होता. "तुमच्याशिवाय कुणाकडे जाणार, डॉक्टर?"

त्यानं कानाखाली मारली असती तर काकांनी सोसली असती. हा विश्वास सोसवला नाही. वर्षभरात त्यांनी चांगला चालणारा दवाखाना बंद केला आणि पुन्हा पुस्तकं उघडली.

आजच्या मुलीचा बाप वेल्डर होता. हातांवर भाजल्याचे जुने डाग. काकांनी त्याला शेजारी बसवून सगळं सांगितलं: आजाराचं नाव, दोन-अडीच वर्षांची औषधं, आणि बहुतेक मुलं यातून बरी होतात, हे दोनदा.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या डॉक्टरबाईंना मी सोडणार नाही. तीन आठवडे झुलवलं माझ्या पोरीला."

गप्प बसणं सोपं होतं. काका म्हणाले, "ही चूक मीही केलीय. एका मुलाच्या बाबतीत मी तर महिना घालवला होता."

शेजारी कागद भरणाऱ्या ज्युनियरनं चमकून वर पाहिलं.

"मग? त्या मुलाचं काय झालं?" बापानं विचारलं.

"गेला."

बाप उठून उभा राहिला. "आणि माझी पोर तुमच्या हाती देऊ?"

"दुसरं कुणी हवं असेल तर आत्ताच मॅडमना सांगतो. मला राग येणार नाही. पण माहीत असूनही मी तुमच्यापासून लपवलं, असं नको."

तो खिडकीपाशी गेला. "माझ्या हातचा जिना तुटला होता एकदा," तो पाठमोराच म्हणाला. "माणूस जन्माचा लंगडा झाला. तेव्हापासून एकेक जोड दहादा ठोकून बघतो. मालक वैतागतो." मग वळला. "तुम्हीच बघा तिला. सही कुठं करायची?"

दुपारी, पहिलं सलाईन सुरू झाल्यावर, काकांनी त्या डॉक्टरबाईंच्या कागदावरच्या नंबरवर फोन लावला. स्वतःची ओळख देऊन निदान सांगितलं.

पलीकडे एक लहान मूल रडत होतं. "पायच दुखत होता हो," बाई म्हणाल्या. "मला वाटलं..."

"माहीत आहे मला. तुम्हाला शंका आली म्हणूनच ती इथं पोचली. तिचं बरं होणं अजून आपल्या हातात आहे."

"एक मिनिट हं." त्यांनी बाहेर कुणाला तरी "जरा बसा" म्हणून सांगितलं. दार लागल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच ऐकू येईना; फक्त श्वास, तोही अडखळत.

वॉर्डातून काकांना दोनदा हाक आली. त्यांनी हातानंच 'थांबा' म्हटलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.