पारा लावलेले गहू

सोहनबाईने शिशीतला पारा तळहातावर ओतला, पण थेंब ठरेना. तो अंगठ्याकडे गेला, तिथून करंगळीकडे आला आणि बोटांच्या फटीतून निसटून जमिनीवर फुटला. बारीक मणी खोलीभर पळाले. लालचंद गुडघ्यांवर बसून ते कागदाच्या कडेने गोळा करू लागला. लहानपणी हे काम त्याचंच असायचं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मन्हा हात कापतस आते."

तिने पुन्हा ओतला आणि या वेळी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. लालचंदने त्यात चुलीतली राख आणि थोडं एरंडेल घातलं. चकाकी जाईपर्यंत घोटायचं, मग तो करडा लेप गव्हाला चोळून गहू कणगीत भरायचे. म्हणजे आषाढातही दाण्यात किडा होत नाही. आणि किडा झालाच नाही, तर तो मारण्याचं पापही लागत नाही. सारंगखेड्याच्या जैन घरांत सोहनबाईच्या गव्हाचं नाव होतं. तीस वर्षांत तिच्या घरात एकही जीव चाळणीखाली मेला नव्हता.

कोठीच्या खोलीला एक खिडकी होती, पण तिच्या पुढ्यात कणगी येऊन बरीच वर्षं झाली होती. चैत्राअखेरची धग भिंतींत मुरलेली. लालचंदने बाह्या सरसावल्या आणि गव्हात कोपरापर्यंत हात घातले.

तो तिच्या भावाचा मुलगा. आई गेल्यावर या विधवा भुआनेच, म्हणजे आत्यानेच, त्याला वाढवलं होतं. आता तो पुण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता आणि पाच वर्षांनी गावी आला होता, तोही दोन दिवसांसाठी. शहाद्याला आलेल्या साध्वींकडे, महासतीजींकडे, सोहनबाई दीक्षा घेणार होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आठ दिवसांनी मुहूर्त होता. दीक्षेला घरच्यांची लेखी संमती लागते, आणि सासरी-माहेरी मिळून लालचंदशिवाय तिचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. कागद टपालानेही पाठवता आला असता. सही करण्यापूर्वी एकदा पाहून यावं, एवढंच त्याला वाटलं होतं.

सोहनबाईचं मन संसारातून केव्हाच उठलं, असं गावात सगळे म्हणत. तीन वर्षांत ती कोणाच्या दारी गेली नव्हती. लग्नाची पंगत नाही, घोड्यांची जत्रा नाही. खाटसुद्धा तिने या कोठीच्या खोलीत आणली होती. लालचंदच्या पत्रांना आधी दोन ओळींची उत्तरं यायची, पुढे तीही थांबली. तिचा मोह सुटत चालला आहे, असं त्याने धरून चाललं होतं. ते त्याच्याही सोयीचं होतं.

बाहेर कडी वाजली. समोरच्या घरातली शोभाबाई ताकाचा तांब्या घेऊन ओसरीवर उभी होती. लालचंद बाहेर गेला.

"पुनाले जाईसन चष्मा लागी गया," ती म्हणाली. "आते तरी आमले वळखस का?"

त्याने हसून तांब्या घेतला. तिने मान वाकवून आत पाहिलं.

"तुन्ही भुआ माले दखीसन अशी पळस, जशी मी तिनी सासू शे."

ती गेल्यावर लालचंद आत आला, तेव्हा सोहनबाई कणगीमागे भिंतीला चिकटून उभी होती. पदराचं टोक मुठीत, मान लालभडक, कपाळ घामाने डबडबलेलं. मोठ्यांच्या गोष्टी चोरून ऐकताना सापडलेल्या पोरीसारखी ती दिसत होती. शोभाबाईबरोबर तिने वीस वर्षं पापड लाटले होते.

"तिनी नजर पडनी की मन्हं अंग पेटस," ती खाली बघत म्हणाली. "महासतीजी म्हनतस, हाई वैराग शे."

लालचंद खोलीबाहेर पडला. मागच्या अंगणात जाऊन त्याने हात धुतले. राख निघाली, पण सोन्याच्या अंगठीचा खालचा भाग पिवळा होईना. तो रुप्यासारखा पांढरा पडला होता. सोनं पारा शोषून घेतं, हे तो दर वर्षी मुलांना सांगत असे. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की त्याचे प्रोफेसर आधी खिडक्या उघडायला लावत आणि सांडलेल्या पाऱ्यावर गंधक टाकायला लावत. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. उन्हाळ्यात ती जास्त होते.

तो पायरीवर बसला. परीक्षेसाठी पाठ केलेलं एक पान त्याला आठवू लागलं. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, टोप्या करणारे कारागीर पाऱ्यात काम करतात. आधी त्यांचे हात थरथरतात, अक्षर बिघडतं. हिरड्या सुजतात, दात हलतात. मग त्यांना माणसांचा संकोच वाटू लागतो. ओळखीच्या माणसासमोरही ते लाजतात, कोणी बघत असलं तर हातातलं काम टाकून देतात. या शेवटच्या वाक्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विनोद केला होता आणि वर्ग हसला होता. तोही हसला होता.

संध्याकाळी सोहनबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. अंगठी दाखवली, हिरड्या बघू दे म्हणाला. तिने तोंड उघडलं नाही, पण दोन दात गेल्याचं कबूल केलं, तोंडाला सारखी तांब्याची चव येते हेही सांगितलं. तो म्हणाला, मुहूर्त पुढे ढकल. चार महिने या गव्हाला हात लावू नको, त्या खोलीत झोपू नको. त्यानंतरही माणसं नकोशी वाटली, तर मी आनंदाने सही करीन.

"आनि बरं वाटनं तर?"

तर दीक्षेत तू अडकून पडशील, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते सावकाश उलगडून सांगितलं, की तिथे भिक्षेचं अन्न असेल, पारा नसेल, तुझा हात कापायचा थांबेल. मग कदाचित तुला माणसांत बसावंसं वाटेल आणि तेव्हा परतता येणार नाही.

ती खडे वेचत राहिली. एक डाळीचा दाणा तिच्या चिमटीतून तीनदा सुटला.

"मंग हाई वैराग नही?"

"माले ठाऊक नही, भुआ," तो म्हणाला. ते खरंच होतं. "चार महिनामा समजी."

तिने सूप खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मानी लिधं. मन्हा हात पाराघाई कापतस. पन पाच वरीस तू उना नही, ते कसाघाई रे?"

लालचंदने अंगणाकडे पाहिलं. पाच वर्षांत सुट्ट्या होत्या, रेल्वे होती, दोंडाईच्यापासून गाडी होती. दिवाळीत एकदा तो मित्राबरोबर महाबळेश्वरला गेला होता. ती उठली, त्याला ताट वाढलं आणि ताकाचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. त्याच गव्हाच्या पोळीचा तुकडा मोडताना तो थबकला, तेव्हा तिने मान दुसरीकडे फिरवली.

सकाळी गाडीवान दोधू बैलगाडी घेऊन आला. ऊन व्हायच्या आत नदी उतरून दोंडाईचं गाठायचं होतं. त्याने लालचंदची ट्रंक गाडीत चढवली. संमतीचा कागद तिच्यात होता, सही न केलेला. लालचंद पाया पडायला आत गेला, तर भुआ चुलीपाशी नव्हती. कोठीच्या खोलीतही नव्हती. मागच्या अंगणात कोणी नव्हतं. तो जवळजवळ पळतच दाराशी आला.

ती समोर होती. पदर पार डोळ्यांपर्यंत ओढून, रिकामं पातेलं पोटाशी धरून ती शोभाबाईच्या दारात उभी होती. हात कडीपर्यंत जात होता आणि परत येत होता. हंडा घेऊन एक बाई गल्लीतून गेली, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून थांबली, हंड्याचं पाणी हिंदकळण्याचा आवाज लांब जाईपर्यंत. लालचंदने पायरीवरून एक पाऊल खाली टाकलं. आपण जाऊन कडी वाजवली तर क्षणात होईल, असं त्याला वाटलं. तो तिथेच उभा राहिला.

हात पुन्हा वर गेला. कडी वाजली.

दार उघडून शोभाबाई नुसती बघत राहिली. तिची थट्टा तिच्या तोंडातच राहिली.

"शोभा," सोहनबाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की गल्ली शांत नसती तर लालचंदला ऐकूच आला नसता. "ज्वारीनं पीठ दे वं. दोन जनसले पुरस इतलं."

शोभाबाई आत गेली आणि सूपभर पीठ घेऊन आली. ती ओतू लागली, तसं पातेलं थरथरलं, पीठ उंबऱ्यावर सांडलं. तिने एका हाताने सूप सावरलं आणि दुसरा हात पातेल्याखाली, सोहनबाईच्या हातांखाली धरला. मग सावकाश ओतलं.

"उन चढी जाई, लालशेठ," दोधू म्हणाला. "निघानं का?"

लालचंदची नजर समोरच होती.

"बैलसले पानी पाज आधी," तो म्हणाला.