तिसरा ट्रेलर

आमच्या राज्यात एका ट्रकमागे दोन ट्रेलर जोडायची मुभा पहिल्यापासून होती. गेल्या वर्षी तिसराही चालेल असं सरकारने ठरवलं, आणि गव्हाच्या सुगीत माझा मेहुणा ड्वेन गेला. मागून पाहिलं तर ट्रेलर एकच दिसतो. दोन ट्रेलरांच्या अंदाजाने तो आपली पिकअप घेऊन ओव्हरटेक करायला निघाला. तिसऱ्याला मागे टाकेपर्यंत समोरून धान्याचा ट्रक आला.

चूक ड्वेनचीच, असं तीन ट्रेलरवाल्या ट्रकच्या कंपनीने सांगितलं आणि गावानेही री ओढली. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस! माझं डोकंच फिरलं. त्याची बायको, माझी व्हर्नाताई, मात्र कुणाशी भांडली नाही. तिसरा ट्रेलर बंद करा, एवढं मागायला ती विधानसभेच्या समितीपुढे गेली.

पंचाईत अशी, की तिचा मुलगा लायल त्याच कंपनीत, तसलाच तीन ट्रेलरांचा ट्रक चालवतो. कंपनीने साक्षीला त्यालाच आणला. बापाची चूक पोराच्या तोंडून वदवायची! लाज कशी ती नाहीच.

व्हरांड्यात ताईने त्याची कॉलर नीट केली. "लिहून दिलंय ते वाच आणि मोकळा हो. दोन लेकरं आहेत तुला."

"आई, तू जरा गप्प बस."

"आणि मामाकडे बघू नकोस. तो उगाच तापतो."

आत लायलने कागद उघडला, पण वाचेना. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाणी हवंय का?"

"नको." त्याने कागदाची घडी घातली. "लोक मला ओव्हरटेक करतात ना, मधल्या ट्रेलरपाशी आले की आरशात त्यांचे चेहरे दिसतात. अजून एक आहे हे तेव्हा कळतं त्यांना. मग मी ब्रेक मारतो, कडेला सरकतो, त्यांना आत घेतो. रोज. कालसुद्धा. माझ्या बाबांची चूक नव्हती. मीही तसाच गेलो असतो."

कंपनीचा वकील ताडकन उठून बाहेर गेला. नोकरी गेली, हे सगळ्यांनाच कळलं. ताई तोंडावर हात ठेवून रडली. दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

मतदानाला ती थांबलीच नाही, लेकाचा दंड धरून निघून गेली. मी थांबलो. आम्ही हरलो, तिसरा ट्रेलर कायम राहिला.

संध्याकाळी भीतभीतच फोन लावला.

"ताई, हरलो गं."

"बरं," ती म्हणाली. "लायल जेवायला बसलाय. ठेवते."